घुंगरांचे वाळे

दक्षाने नणंदेकडे एकच गोष्ट मागितली होती, पोरासाठी घुंगरांचे वाळे. जमनाला ते मुळीच पटलं नव्हतं. वाळे घालायचे ते रांगत्या पोराला. तुषार तर दोन वर्षांचा झाला, अंगणभर धावत होता. शिवाय त्याची नजर जन्मापासून अधू. डहाणूच्या नेत्रशिबिरात जमनाच दोघा मायलेकांना घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं, की पोराला थोडं दिसतं, तेव्हा मोठी, भडक रंगांची खेळणी द्या. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का, असंही त्यांनी विचारलं होतं. दक्षा म्हणाली होती, नाही.

तरी दक्षाचं आपलं पालुपद चालूच. "वाळेच आण ताई, मोठा आवाज होईल असे." पोराच्या डोळ्यांपेक्षा हिला मिरवायची हौस, असं जमनाने ठरवून टाकलं. जमना बोर्डीला चिकूच्या वाडीत फळं निवडायला जायची, चार शिकलेल्या माणसांत वावरायची, आणि आपल्याला जरा जास्त कळतं असा तिचा पक्का समज होता.

डहाणूच्या बाजारात तिने अर्धी सकाळ घालवली. निळी मोटार नको, ती सारवलेल्या जमिनीवर उठून दिसायची नाही. बाहुलीचे डोळे फारच बारीक. दुकानदार वैतागला तेव्हा कुठे तिला पिवळाधमक चेंडू पसंत पडला, पोराच्या डोक्याएवढा. त्यावर तिने काळी चिकटपट्टी आडवीउभी मारली. वाळे घेतलेच नाहीत.

तलासरीहून टमटमने ती पाड्यावर पोचली. भाऊ नितीन वापीला कंपनीत, तो रविवारीच घरी यायचा. आई मजुरीला गेलेली. दक्षा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती, तुषार तिच्या पायाशी. जमना चकार शब्द बोलली नाही. तिला पोराची परीक्षाच घ्यायची होती. अंगणात येऊन तिने चेंडू हळूच जमिनीवर ठेवला.

तुषारने मान तिरपी केली, थोडा वेळ बघितलं आणि उठून थेट चेंडूकडे गेला. जमनाला असा आनंद झाला की सांगता सोय नाही. पोराने चेंडू पोटाशी धरला आणि आंब्याखाली जाऊन गुपचूप बसला.

"बघितलंस?" जमना म्हणाली.

दक्षा केवढी तरी दचकली. "ताई? तू कधी आलीस?"

जमना तिच्या अगदी समोर उभी होती. दक्षाने पायाशी हात फिरवून पोर चाचपलं. ते नव्हतं. ती धडपडत उठली, सूप लवंडलं. "तुषार कुठे गेला, ताई?" आंबा डावीकडे होता, आणि ती विहिरीकडे तोंड करून पोराला हाका मारत होती.

आई साऱ्या पाड्यात सांगायची, सून गुणाची, कुणाकडे मान वर करून बघत नाही. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, जमनानेसुद्धा.

तिने दक्षाला ओट्यावर बसवलं आणि तुषारला उचलून तिच्या मांडीवर दिलं. "कधीपासून?"

"आधी रातचंच दिसत नव्हतं. हा पोटात होता तेव्हा दिवसाचंपण गेलं."

"मग बाईंनी विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"पोराला माझ्यामुळेच झालं म्हणून माहेरी धाडली असती मला. तूपण धाडली असती."

नाही म्हणायला जमनाने तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. तिनेच सगळ्यात आधी धाडलं असतं.

"परवा विहिरीच्या काठावर जाऊन बसला होता," दक्षा म्हणाली. "शेजारणीने आणून दिला. पायात वाजलं असतं तर मला कळलं असतं."

जमनाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती खाली बसली. दक्षाची बोटं पोराच्या कपाळावरून, नाकावरून फिरत होती.

"ताई, एक सांग. कुणाला विचारता येत नव्हतं," ती हळू म्हणाली. "हा दिसतो कुणासारखा?"

जमनाने पोराकडे नीट बघितलं. पोर आईवर गेलं होतं, अगदी डोळ्यांसकट. तिला ते सांगता येईना.