घोगरा माईक आणि पुलाचा कठडा

मी नगरपालिकेच्या सभागृहातला जुना माईक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो, आज जरा माझंही ऐका.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा आवाज खणखणीत होता. पुढे एका सभेत हमरीतुमरी झाली. दोघांच्या ओढाताणीत मी फरशीवर आपटलो आणि माझा घसा कायमचा बसला. त्यानंतर माझ्यातून कुणीही बोललं तरी आवाज एकच, घोगरा. नव्या माईकचा ठराव आला, तोही पडला, कारण तो विरोधी बाकांवरून आला होता! शिपाईमामा मात्र मला रोज मायेने पुसायचे.

मामांचं घर ओढ्यापलीकडे. वाटेतल्या पुलाला कठडाच नव्हता. "बाई, सभेत एवढं मांडा. पावसात जीव मुठीत धरून यावं लागतं," ते विरोधी बाकावरच्या नर्सबाईंना म्हणाले. बाईंनी पुढच्याच सभेत ते तळमळीने मांडलं.

सत्ताधाऱ्यांचे पुढारी, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक औषधवाले, तेव्हा व्हरांड्यात चहा पीत होते. तिथल्या कर्ण्याशी माझं तारेचं नातं, म्हणून मला कळलं. "लाखमोलाचं बोलतोय हो! आपल्यातलाच दिसतोय कुणीतरी," असं म्हणत ते हात वर करायच्या तयारीनेच आत आले. पाहतात तर समोर नर्सबाई! त्यांचा हात खिशात गेला. ते पाहून त्यांच्या बाकांवरचा एकही हात उठला नाही. ठराव पडला. दाराशी उभ्या मामांनी येऊन माझी वायर गुंडाळली.

त्या पावसाळ्यात मामा पुलावरून वाहून गेले. मला रडता येत नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढच्या सभेत औषधवाले माझ्यासमोर आले. "पुलाला कठडा हवा," एवढंच बोलले. त्यांचा घसा माझ्याहून जास्त बसला होता. आता विरोधी बाकं ढिम्म. "तेव्हा कुठे होते तुमचे हात?" कुणीतरी ओरडलं. त्या बाजूने एकट्या नर्सबाईंनी हात वर केला.

"अहो बाई, ठराव त्यांचा आहे!" शेजारचा कुजबुजला.

"कठडा पुलाचा आहे," बाई म्हणाल्या.

ठराव मंजूर झाला, कठडाही झाला. हल्ली नवा माईक आलाय. कोण बोलतंय ते पहिल्याच शब्दाला कळतं. मी कपाटात आहे. तुम्ही कधी सभेला बसलात तर आधी डोळे मिटून, आवाज माझाच आहे असं समजून ऐका, हात वर करायचा की नाही ते ठरवा आणि मगच डोळे उघडा.

माझ्यावर आता धूळ साचलीय. पुसणारा त्या पुलावरून यायचा.