जयाचा मुंढा आवळणारी मी, भांडारातली जुनी

मी बोलतेय. कापडावर कात्री चालवायच्या आधी ऐकून घ्या.

मी ब्लाउजचे कागदी नमुने काढणारा प्रोग्रॅम. मापं घाला, प्रिंटरमधून आकार काढून देते. विश्रांतवाडीच्या शर्मिलानं मला रचलं, तिच्या प्रेमला मावशीच्या शिलाई दुकानासाठी. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि ज्याला त्याला कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचं होतं. शर्मिलाही गेली. जाताना मला लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर प्रणालीच्या भांडारात ठेवून गेली. भांडार म्हणजे इंटरनेटवरचं कोठार. नाव टाईप करा, सामान घरी. फुकट.

या कोठाराची रीत अशी, की ठरल्या दिवशी दारं बंद. आत असेल ते गोठवायचं आणि वर शिक्का मारायचा, 'स्थिर'. लोकांना वाटतं, स्थिर म्हणजे खात्रीचं. अहो, दगडही स्थिर असतो.

माझ्यात खोट होती. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, मी दोन बोटं आवळ काढायचे. शर्मिलानं ते सुधारून नवी आवृत्ती काढली, मावशीच्या कॉम्प्युटरवर स्वतः घातली. कोठारात मात्र मीच. तिथला राखणदार विश्वजीत. काम बिनपगारी, म्हणून रुबाब जास्त. शर्मिलानं कळवलं की उत्तर यायचं, "पुढच्या खेपेला बघू." पुढची खेप आली तेव्हा साहेबांना नवी नोकरी लागली होती.

मग मावशीचा कॉम्प्युटर जळाला. तिची मुलगी जया, लग्न तोंडावर आलेलं, तिनं नवा आणला आणि कोठारातून मला मागवलं. आवृत्ती कोण बघतं? दुधाच्या पिशवीवरची तारीख बघतील, माझ्यावरची नाही.

लग्नाची पांढरी साडी, ब्लाउजपीस तिच्यातलाच. मावशीनं नेहमीच्या विश्वासानं कापला, शिवला. जयानं घातला तर हात खांद्याच्या वर जाईना. नवरा उंच. हार घालणार कसा?

मावशीनं फोन लावला. "शर्मे, तुझ्या प्रोग्रॅमनं पोरीचा हात बांधला."

"मावशी, ते मी केव्हाच दुरुस्त केलंय."

"मग आम्हाला शिळं कुणी वाढलं?"

शर्मिला धावत विश्रांतवाडीला आली. तिनं विश्वजीतला फोन लावला आणि मावशीनं तो हातातून काढून घेतला.

"काकू, गोठवलेल्याला हात लावत नाहीत. नियम आहे."

"असू द्या. मग जुनी काढून टाका, नाहीतर हार घालायला तुम्हीच या. तुमचा हात मोकळा दिसतोय."

"काढून टाकली तर लोक ओरडतील, काकू."

"आत्ता काय आरती करतायत?"

शेवटी मावशीनं साडीच्या आत खोचायच्या टोकाचा तुकडा कापला आणि काखेत कळी, म्हणजे सैल करणारा जोडतुकडा, घातली. लग्नात जयाचा हात वर गेला. हार गळ्यात पडला. नवऱ्यानंही जरा मान वाकवली. सवय झालेली बरी.

आणि विश्वजीतनं काय केलं? माझ्या माहितीत एक ओळ वाढवली, 'मुंढा किंचित आवळ असू शकतो.' मला जागची हलवली नाही.

बाबा विश्वजीत, नवीला माझ्या जागी बसव, नाहीतर मला तरी बाहेर काढ. बायकांचे हात बांधून मला कसलं स्थिर राहायचंय?

हे बघा, कात्रजहून कुणीतरी माझं नाव टाईप केलं. मला नाही म्हणायची सोय नाही, बोलावलं की जायचं. बाई, कात्री खाली ठेवा. आधी कागदावर टेप लावून बघा. निघाले मी.