कोटातले बाबा

“जरा माणसात आणा त्याला.”

कितीतरी वर्षांपूर्वी ऐकलेलं ते वाक्य फोटोवाल्याला आठवलं, ते पडद्यावर त्याच माणसाच्या कानाची कड माउसने कातरताना. तेव्हा ती बाई नुकतीच विधवा झालेली. कडेवर पोर, मुठीत कारखान्याच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो. आवाज कोरडा ठणठणीत. रडून सरलेला, की रडूच न आलेला, ते त्याला तेव्हाही उमगलं नव्हतं.

त्या वस्तीत कोट होता कुणाकडे? त्याने नेहमीचंच केलं. संगणकात ‘कोट’ नावाची फाईल होती. भावाचा कोट अंगात घालून त्याने एकदा स्वतःचाच फोटो काढला होता आणि मानेपासून वरचं पुसून टाकलं होतं. मग जो जाईल त्याचं डोकं त्या कोटावर बसे. निम्म्या शहराच्या भिंतींवर, मेलेल्यांच्या हनुवटीखाली, खांदे फोटोवाल्याचे होते. ही काय कुणाला सांगायची गोष्ट! बायकोला तेवढी सांगितली, तर ती म्हणाली होती, “बरंच झालं. तुमच्या वेळी नुसतं डोकं चिकटवलं की काम झालं.” आणि गेली मात्र तीच आधी.

कडेवरचं ते पोर आता त्याच्या खुर्चीमागे उभं होतं, लग्नाला आलेलं.

“काका, मध्ये बाबा. भोवती सगळीकडे मी. रांगताना, शाळेत, सायकलवर. हॉलच्या दाराशी लावायचंय, मोठ्ठं.”

“आणि आई?”

“तिचे फोटो आहेत कुठे? कॅमेरा दिसला की ही गेलीच स्वयंपाकघरात.”

आई स्टुलावर बसली होती, पर्स मांडीशी घट्ट धरून. ती हसली नाही.

एकेक फोटो जागेवर बसत होता. कडा विरघळत होत्या, सायकलचं चाक शाळेच्या भिंतीत मिसळत होतं. पोरगी वाकून बघत होती.

“लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर गाल टेकून झोपायचे, माहितेय? फ्रेम भिंतीवरून उतरवून घ्यायचे. काच गार लागायची.”

फोटोवाल्याचा हात थांबला. धूळ बसल्यासारखा त्याने डावा खांदा उगाच झटकला.

“काका, एक कराल? बाबांचा हात माझ्या डोक्यावर हवाय.”

“हात कुठून आणू, बाळ? हा फोटो छातीपर्यंतच आहे.”

“तुमचा लावा की. कोण विचारतंय!”

कपाटातून कोट निघाला. दंडात सैल झाला होता. कोट तोच, आतला माणूस उतरलेला. त्याने कॅमेरा तिकाटीवर चढवला, टायमर लावला. पोरीने डोकं खाली केलं. त्याला लेकरू नव्हतं. अशा वेळी हाताचा भार किती ठेवायचा, ते ठाऊक नव्हतं. झोपलेल्या पाखरावर ठेवावा तसा त्याने तो ठेवला. लखकन उजेड पडला. हात काढून घ्यायला त्याला अंमळ उशीरच झाला.

मग तो पुन्हा पडद्यापाशी बसला. कातरलेली बाही त्याने कोटाला जोडली. त्या माणसाचा चेहरा सावळा, हात उजळ, म्हणून चेहऱ्यावरचा रंग उचलून तो हातावर उतरवू लागला. मनगट, बोटांची पेरं, नखं. हळूहळू हात फोटोवाल्याचा राहिला नाही.

“हात काढा, दादा.”

आई कधी उठून उभी राहिली, दोघांनाही कळलं नव्हतं.

“का गं? किती छान दिसतोय!”

“काढा म्हणते ना.”

“रंग चुकला का, ताई?” फोटोवाल्याने विचारलं.

“नाही. अगदी तस्साच आलाय.”

“आई, खोटा आहे ते मला कळतं गं,” पोरीचा आवाज कातर झाला. “मला कुठे आठवतात बाबा? जे काय आहेत ते तू सांगितलेले. जीव लावणारे, कुणाला दुखवून न बोलणारे. तूच सांगायचीस ना? मग लग्नाच्या दिवशी त्यांचा एवढासा हात...”

फोटोवाल्याने खुर्ची मागे सरकवली, उठावं की बसावं ते न कळून तसाच राहिला. पडद्यावर हात होता, हाताखाली लेकीचा भांग.

आईने पर्स स्टुलावर ठेवली. लेकीच्या चेहऱ्यावर आलेली बट मागे सारली.

“तुझ्या डोक्यापर्यंत त्याचा हात मी कधी येऊच दिला नाही,” ती म्हणाली. “मध्ये मी असायचे.”