ब्रॅमलेट परत येईपर्यंत

ओकच्या फळ्यांचं एक कुंपण. उंची साडेसहा फूट, आतून गोल. गोल अशासाठी, की डोकं आपटायला कोपरा सापडू नये.

एक दौत आणि दोन टाक. दौत दोघांत मिळून.

सभागृहात बसल्यावर पायांना गार वारा लागतो, अशी सभासदांची तक्रार दर हिवाळ्यात माझ्याकडे येते. मी ती लिहून घेतो.

घटसर्प झालेलं मूल श्वास घेतं तेव्हा कोरड्या विहिरीत दोर घासल्यासारखा आवाज येतो.

सभागृहाची हजेरी पुकारली की दाराला कुलूप. मतदानाचा निकाल लागेपर्यंत माणूस नाही की कागद नाही, आत नाही की बाहेर नाही.

किल्ली पितळेची. ती माझ्याकडे असते.

मी एनॉक व्हार्ली. या राज्याच्या विधिमंडळाचा दरवान. डावा पाय युद्धात गेला, त्याच्या बदल्यात हे दार मिळालं. पण सांगायचं आहे ते ऑरिन स्टॉलकपचं.

ऑरिन पिंपं बनवायचा. वायव्येकडच्या एका काउंटीतून एकदाच निवडून आला, अठराशे बहात्तर साली. भाषण त्याला येत नसे. उभा राहिला की उजव्या अंगठ्याने डाव्या तळव्यावरचे घट्टे चोळत बसायचा, आणि सभापती म्हणायचे, "सभासद बोलणार आहेत की हात शेकणार आहेत?" सगळे हसायचे. तोही हसायचा.

त्याला एकच कायदा हवा होता. वेड लागलेल्या माणसांना काउंटीच्या गरीबखान्यांच्या तळघरांतून बाहेर काढायचं आणि राज्याने त्यांच्यासाठी दवाखाना बांधायचा. त्याची बहीण हल्डा तशा एका तळघरात सहा वर्षं होती. काउंटीला तिच्यासाठी कुंपण हवं होतं, आणि काउंटीत फळ्यांची गोल बांधणी जमणारा माणूस एकच होता. ते त्यानेच बनवलं. हे त्याने मला शेगडीजवळ मोजे वाळवताना सांगितलं, पिंपाचं माप सांगावं तसं.

सभागृहातल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. ऑरिनच्या शेजारी ल्यूशस ब्रॅमलेट आला. विरोधी पक्षाचा, दक्षिणेकडचा, मोठ्या आवाजाचा. दवाखान्याला त्याचा कडवा विरोध. दोघांत दौत एक. आठ आठवडे ते एकमेकांच्या बाहीवर शाई सांडत बसले.

सोमवारी सकाळी ब्रॅमलेट कोट चढवून माझ्या दाराशी आला. मागोमाग ऑरिन.

"पोरीला घटसर्प झालाय," ब्रॅमलेट म्हणाला. "नऊची गाडी पकडतो. जोडी बांधतोस का माझ्याशी?"

जोडी ही इथली जुनी रीत. दोन विरुद्ध बाजूंचे सभासद हातात हात देतात. एक गैरहजर असेल तर दुसरा मत देत नाही, म्हणजे कोणाच्याच बाजूचं पारडं हलत नाही. कागद नाही, सही नाही. मोडली तर शिक्षाही नाही. आठ वर्षांत मोडलेली मी पाहिली नव्हती.

"किती दिवसांची?" ऑरिनने विचारलं.

"पुढच्या बुधवारपर्यंत म्हण."

"आणि बुधवारी ती तशीच असली तर? तिला टाकून येणारेस? तू परत येईपर्यंत म्हणू."

"अरे येड्या, पुढच्या गुरुवारी तुझा कायदा आहे."

"माझ्याकडे त्रेचाळीस आहेत. ऐंशी सभासदांत एक्केचाळीस लागतात, हजर कितीही असोत. मी गप्प बसलो तरी बेचाळीस."

"मी आलो तर विरोधातच मत देणार. आत्ताच सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे रे बाबा. दोन महिने तुझं तोंड कानाशी आहे माझ्या. जा आता, गाडी चुकेल."

त्यांनी हात मिळवले. साधारणपणे जोडीला तारीख घालतात. नवखा सभासदच ती घालायला विसरतो. ऑरिन विसरला नव्हता, त्याने मुद्दाम घातली नव्हती.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, त्या त्रेचाळिसांतले दोघे फुटले. एकाला त्याच्या गावावरून रेल्वे न्यायची होती, दुसऱ्याने कारणही सांगितलं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत टिंकहॅम, म्हणजे ऑरिनच्या पक्षाचा नेता, त्याला बाहेर माझ्या बाकाशी घेऊन आला. माझ्यासमोर लोक मोकळेपणी बोलतात. दरवान म्हणजे दाराचाच भाग.

"चाळीस आहेत," टिंकहॅम म्हणाला. "तू धरून एक्केचाळीस. जोडी मोड."

"हात दिलाय."

"हाताचं काय लोणचं घालायचंय? बहीण तुझी का माझी?"

ऑरिन तळवा चोळत राहिला.

"ऑरिन, हे अधिवेशन संपलं की दोन वर्षं. दोन वर्षं ती जगेल?"

"नाही जगायची."

"मग?"

"तो पोरीच्या उशाशी बसलाय. माझ्या भरवशावर बसलाय."

"त्याला स्वतःलाच घटसर्प झालाय असं ऐकतोय मी. मेला असेल एव्हाना."

"मेला तर मी सुटलो," ऑरिन म्हणाला. "पण मेला असेल असं धरून सुटता येत नाही."

टिंकहॅम चिडून म्हणाला, "तू पिंपंच बनव, बाबा." मग आत गेला आणि त्यानेच हजेरीची मागणी केली. विरोधकांतलं कोणी मागच्या मागे सटकू नये, हा त्याचा हिशेब. मी दार ओढलं, कुलूप घातलं आणि बाहेर बाकावर बसलो.

आतलं मला सगळं ऐकू येतं. कारकून नावं वाचू लागला. ॲबट, होय. ॲलनबी, नाही. बर्च, नाही.

जिन्यावर बूट वाजले. तारघराचा डॉब्स स्वतः आला होता. तो सहसा खुर्ची सोडत नाही.

"स्टॉलकपला तार आहे."

"कुलूप आहे."

"एनॉक, आत्ताच द्यायची आहे ही. ब्रॅमलेटच्या गावाहून आलीय."

आत कारकून: फेन्टन, होय. गॅरिटी, नाही.

"कुलूप आहे म्हटलं ना."

"वाचून दाखवू? मग तूच ठरव."

"नको," मी म्हणालो. "माझं काम दार आहे."

डॉब्सने तार माझ्या मांडीवर ठेवली. हॅसकेट, होय. किन्से, होय. त्याने टोपी काढली. बर्फातून आला होता, टोपीतून पाणी गळत होतं. मर्डॉक, नाही. नेव्हिन, नाही. पर्टल, होय. आता दर नावामागे कारकून थोडा थांबत होता, की मलाच तसं वाटत होतं, सांगता येत नाही. मी किल्ली मुठीत धरून होतो. दाराखालून आत जाणाऱ्या वाऱ्याने मांडीवरची तार फडफडत होती. रिग्ज, होय. सेवेल, नाही.

"स्टॉलकप."

खुर्ची सरकल्याचा आवाज.

"सभापती महाराज, माझी ब्रॅमलेट यांच्याशी जोडी आहे. ते इथे असते तर मी होय म्हणालो असतो."

डॉब्स जिना उतरून गेला.

त्या दिवसाच्या कामकाजाच्या बुकात असं आहे: होय चाळीस, नाही अडतीस, जोडी दोन. आवश्यक बहुमत न मिळाल्याने विधेयक फेटाळले.

मी दार उघडलं. ऑरिन सगळ्यांत शेवटी आला. मी तार पुढे केली. त्याने ती खिडकीशी नेऊन वाचली, मग माझ्या हातात दिली, कारण मी विचारत नव्हतो.

*ल्यूशस आज पहाटे गेला. मुलगी वाचली. शेवटी म्हणाला, ऑरिनला मोकळं करा.*

"कधी आली?" त्याने विचारलं.

"दार बंद असताना."

"मग तू तरी काय करणार."

त्याने तार परत घेतली, घडी घालून टोपीच्या आतल्या पट्टीत खोचली. मग म्हणाला, "पोरगी वाचली म्हणायची."

त्यानंतर तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही. हल्डा मार्चमध्ये गेली. गरीबखान्याच्या माणसाने ऑरिनला विचारलं, कुंपण तुमचं, घेऊन जाता का? त्याने ते सुटं केलं, लोखंडी कड्या काढल्या, फळ्या तिथेच भिंतीला लावून ठेवल्या. पिंपाला त्या चालल्या नसत्या. पिंपाच्या फळीला मध्ये फुगवटा लागतो, आणि या सरळ होत्या. हे त्याने मला पत्रात कळवलं. पत्राच्या शेवटी माझ्या पायाची चौकशी होती.

दोन वर्षांनी तोच कायदा चाळीस मिनिटांत मंजूर झाला. विरोधात बोललं कोणी नाही. ब्रॅमलेटच्या जागी आलेल्या माणसाने होय म्हटलं. त्या दिवशी हजेरी पुकारली नव्हती, दार उघडंच होतं.

ऑरिन मागच्या हिवाळ्यात वारला. कोणीतरी मला त्याच्या काउंटीचं वर्तमानपत्र पाठवलं. त्यात दोन ओळी आहेत, आणि नाव चुकीचं छापलं आहे. मी अजून इथेच आहे. गार वाऱ्याची तक्रार यंदाही आली, मी ती लिहून घेतली.

सभागृहाच्या दाराखाली दोन बोटं फट आहे.