अवकाशयानाच्या पत्र्याची चकती

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी एका तापलेल्या माणसाच्या कपाळासमोर पिस्तुलासारखं यंत्र धरलं. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा उमटला: एकशेतीन. मग त्यांनी कपाळावर बिस्किटाएवढी चकचकीत चकती चिकटवली, डोळे मिटले आणि यंत्र पुन्हा धरलं. अठ्ठ्याऐंशी. लोकांनी हात जोडले.

"न शिवता मोजतो, न शिवता उतरवतो," महाराज म्हणाले. "ही चकती अवकाशयानाच्या पत्र्याची. अनंताचा गारवा हिच्यात मुरलाय."

मी मान खाली घालून बसलो होतो, कारण हे अनंत त्यांना मीच पुरवलं होतं. ग्रंथालयात माझी चाळीस वर्षं गेली. मागच्या वर्षी हे गृहस्थ साध्या सदऱ्यात अवकाशावरचं पुस्तक मागायला आले. माझं सहसा कोणी ऐकून घेत नाही. त्यांनी तासभर ऐकलं आणि मी पाघळलो. तिथे हवा जवळजवळ नसते, त्यामुळे टांगलेला थर्मामीटर स्वतःचाच ताप सांगतो, उन्हात एक आणि सावलीत दुसरा. ताऱ्यांचं तापमान त्यांनी सोडलेल्या किरणांवरून, लांबूनच काढतात. यानांना चकचकीत पत्रा गुंडाळतात. सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं.

शेजारी माझी मुलगी होती. तिच्या मांडीवर सहा वर्षांची नात, कपाळावर कालपासून चकती. पोरीचं अंग भाजत होतं आणि औषध बंद होतं.

"अगं, हिला डॉक्टरकडे नेऊ या."

"आकडा बघितलात ना, बाबा? यंत्र खोटं बोलतं का?"

"अठ्ठ्याऐंशीवर माणूस धड शुद्धीत राहत नाही."

"मग सांगा ना उठून त्यांना."

उठणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय, माझंच चुकत असलं तर?

मागच्या रांगेतून बेकरीवाली पुढे झुकली. "आजोबा, ते भट्टीचं यंत्र आहे. माझ्याकडेही आहे. चकचकीत ट्रेवर धरलं की असंच फसवतं. हाताला चटका बसतो आणि आकडा म्हणतो गार. मी ट्रेला काळी चिकटपट्टी लावते आणि तिच्यावर मोजते."

चाळीस वर्षं पुस्तकांत डोकं घालून मला जे सुचलं नाही, ते तिला ट्रेने शिकवलं होतं. तेवढ्यात नात कण्हली. मी उभा राहिलो. आवाज कापत होता.

"महाराज, चकती चहाच्या किटलीला लावून बघायची का?"

"आजोबांच्या किटलीला ताप आलाय," कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

"श्रद्धा किटलीत नसते," महाराज म्हणाले.

"पण गारवा चकतीत आहे ना?" असं म्हणत बेकरीवाली कोपऱ्यातल्या टेबलावरची गरम किटली घेऊन व्यासपीठावर पोचलीसुद्धा. चकती लावली, यंत्र धरलं. नव्वद. टाळ्या पडल्या. महाराजांनी त्या नम्रपणे स्वीकारल्या. मग तिने पिशवीतून काळी पट्टी काढून चकतीवरच चिकटवली. एकशेसत्तर.

"आता बोट लावा," ती म्हणाली.

महाराजांनी हात मागे घेतला. टाळ्या थांबल्या.

मी चाचरत सांगितलं, "हे यंत्र समोरून येणारे किरण मोजतं. चकचकीत धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो. आरशासारखा तो आजूबाजूचेच परत पाठवतो. अठ्ठ्याऐंशी हा कपाळाचा आकडा नाही. तो जवळजवळ या भिंतींचा आहे."

मुलीने चकती ओढून काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी काखेत थर्मामीटर लावला. एकशेचार. "कालच आणायला हवं होतं," ते म्हणाले आणि पोरीला ठेवून घेतलं.

बाहेरच्या बाकावर मुलीने विचारलं, "तुम्हाला शंका कधी आली, बाबा?"

"काल. चकती लावली तेव्हाच."

ती उठून पोरीच्या खाटेकडे गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

नात चौथ्या दिवशी खेळायला लागली. चकत्या अजून खपतात म्हणे, दुसऱ्या गावी. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. कोणी आकडा दाखवून गप्प करू लागलं, तर तो आकडा कशाचा आहे ते विचारा. आवाज कापला तरी चालेल, पण शंका येईल त्याच दिवशी विचारा.