सत्कारात अडकलेलं गाणं

चांगदेवरावांना मी तीनदा सांगितलं होतं. अहो, शेवटच्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात, केसर हात वर करून गप्प उभी राहते, पण गाणं संपलेलं नसतं. मी सांगेपर्यंत माइकला हात लावू नका. "छे हो सगुणाताई, एवढं कळत नाही का मला?" म्हणाले. ह्यांना कळतं! तीस वर्षांत श्रीवर्धनातला एकही कार्यक्रम ह्यांनी शाल-नारळाशिवाय पार पडू दिलेला नाही, अगदी शाळेतलं वह्यावाटपसुद्धा.

केसर माझी भाची, माझ्या महादेवदादाची मुलगी. दादाने तिला पाचव्या वर्षापासून भजनाला शेजारी बसवून तिचा गळा तयार केला, आणि ती मुंबईला जाऊन जॅझ गायला लागली तसं त्याने तिच्याशी बोलणंच टाकलं. सात वर्षं! तिचा फोन आला की हा सुपारीच्या बागेत. बापलेकीच्या मध्ये निरोप्या कोण, तर मी. वैताग नुसता! म्हणून तिच्या मंडळींचा तो नाच-गाण्यांचा जॅझचा कार्यक्रम मीच खटपट करून गावात आणला आणि दादाला अक्षरशः ओढत नेऊन तिसऱ्या रांगेत बसवलं. "अर्धा तास बसेन," म्हणाला. उपकारच!

दोन तास बसला. टाळी नाही, शब्द नाही, पण उठलाही नाही. केसर लाल चमचमत्या झग्यात आली आणि असा काही आवाज लावला की मागच्या रांगेतल्या बायकांची कुजबुज बंद. ही गाते तेव्हा मांडवाचे खांब हलतात! मी कडेला उभी राहून दादाकडेच बघत होते. बोटं मांडीवर ताल धरत होती, पण कबूल करील तर शपथ.

शेवटचं गाणं आलं. ड्रम चढत गेले, सॅक्सोफोन किंचाळला, केसरने हात वर केला, सगळं थांबलं. आणि चांगदेवराव माइकवर!

"वा, वा! आता गावच्या या लेकीचा सत्कार तिचे वडील महादेवभाऊ यांच्या हस्ते. यावं, भाऊ!"

माझ्या तोंडून शिवीच गेली. दादा उठला. झालं, म्हटलं, हा आता तडक घरी जाणार आणि वर माझ्या नावाने शंख करणार. पण तो स्टेजवर चढला. चांगदेवरावांनी पुढे केलेली शाल त्याने बाजूला सारली.

"चांगदेव, बस खाली. गाणं संपलं नाय अजून. तिने श्वास भरून ठेवलाय, दिसत नाय तुला?"

अरे देवा! सात वर्षांनी लेकीसाठी तोंड उघडलं, तेही दुसऱ्याशी! मग तो तिच्याकडे वळला.

"गा."

केसरने तोंड उघडलं. आवाजच नाही. पियानोवरच्या निकेतने सूर दिला, पुन्हा दिला. काही नाही. आणि अख्खं गाव बघतंय!

तेव्हा दादाने डोळे मिटले आणि खड्या भजनी आवाजात आपणच सूर लावला. तोही स्वतःच्या पट्टीत! गाणं कुठल्या पट्टीत, ह्याचं काय चाललंय! निकेतने माझ्याकडे बघून हात उडवले. मी कपाळाला हात लावला.

केसरने निकेतकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बापाचा सूर उचलला आणि तिथूनच गायला लागली.