टँकरच्या वाटेनं

“चाकाकडं बघू नको, शांता. पुढं बघ. चाक कुठं पळून जात न्हाई.”

तळ्याच्या बांधावर बसून आमचे हे ओरडायचे. दम लागलेल्या माणसाचं ओरडणं ते, माझ्यापर्यंत निम्मंच यायचं. त्या वर्षी तळं पार आटलं होतं. अहमदपुरात चाळिशी ओलांडलेल्या बाईला कुणी न हसता सायकल शिकता येईल अशी तेवढीच जागा होती. कॅरिअर धरून मागं पळायची यांच्या छातीत ताकद नव्हती. त्यामुळे मागं धरणारं कुणी नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊकच होतं. पडले, उठले, पदर खोचला.

हे तहसीलमध्ये शिपाई. लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. कचेरीत जुने शिक्के खोडून नवे मारायचं काम होतं, ते सोडून यांना टँकरवर पाठवलं. ड्रायव्हरशेजारी बसायचं, डोंगरातल्या वाड्यांवर पाणी नीट वाटलं जातं का बघायचं. धूळ खाऊन खाऊन छाती गेली ती तिथंच. पण माणूस डोंगराच्या नादी लागला तोही तिथंच. संध्याकाळी येऊन सांगायचे, बालाघाट म्हणजे गाडीरस्त्यावरून दिसतो तो नव्हे. आत शिरलं की एका रांगेमागं दुसरी, अन् वरून बैलवाट पार अंबाजोगाईकडं जाते. कार्तिकात त्या वाटेनं सायकलवर कपिलधारला जायचं, मन्मथस्वामींच्या समाधीला, असं त्यांनी मनाशी धरलं. दिंडी डांबरी रस्त्यानं जाते, तिच्याबरोबर जा म्हटलं तर म्हणायचे, डोंगरातला देव, त्याच्याकडं डोंगरातूनच जावं.

पुढं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चढ विसरा. जिनासुद्धा दमानं चढा.

परतीच्या एसटीत अर्धी वाट सरली. मग हे म्हणाले, “तू शीक.”

आठ दिवसांत सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल दारात आली.

संध्याकाळची पूजा आटोपली की आमची आखणी चाले. हे अंथरुणावर बसत आणि पायावरची वाकळ चिमटीनं वर ओढून डोंगर करत. एक वळी म्हणजे पहिला घाट, मग पठार, मग दुसरी वळी. वाडी असेल तिथं ज्वारीचा दाणा ठेवायचे. चढावर उतरून सायकल ढकलायची, त्यात लाज नाही. उतारावरही उतरायचं, कारण नर्सबाईंच्या सायकलीचे ब्रेक नर्सबाईंच्याच वयाचे.

“मग बसायचं कव्हा?” मी विचारलं.

“मधी मधी,” म्हणाले, आणि हसता हसता खोकल्यानं वाकले. डोंगर सगळे सपाट झाले. मी दाणे वेचून पुन्हा मांडले.

असंच एकदा दाणे मांडताना माझ्या ध्यानात आलं. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, हे घरादाराला माहीत. वाटेत पूजेला पाणी कुठं मिळेल म्हणून बघू लागले, तर यांच्या वाटेवर ओली विहीर असलेलं एकही गाव नव्हतं. कसं असेल? टँकर जिथं जायचा तीच गावं यांना ठाऊक. हौसेनं आखलेली अख्खी वाट तहानलेल्या वाड्यांमधून चालली होती.

मी तसं म्हटलं. यांनी एकेका दाण्यावर बोट फिरवून बघितलं.

“आरं हाव की,” म्हणाले. “हे तर ध्यानातच न्हाई आलं.”

दुसरी वाट धरू या, असं म्हणतील वाटलं. पण पहिल्या घाटावरचा दाणा त्यांनी बोटानं दाबून धरला. ती कोंडाबाईची वाडी. म्हातारी एकटी राहते. पहिल्यांदा टँकर गेला तेव्हा तिनं विचारलं होतं, जिल्हा नवा झालाय म्हनं, मग इहिरीला कुणी कळवलं न्हाई का? सगळे हसले, ती नाही. त्याच दिवशी यांची पूजा राहिली होती. तिनं टँकरचा नळ सुटायच्या आधीच, आपल्या घागरीच्या तळाचं पाणी यांच्या लिंगाला दिलं. तेव्हा हे तिला बोलून आले होते, की एकदा टँकर सोडून येईन. सरकारी माणूस म्हणून नाही, पाहुणा म्हणून येईन.

“वाट बदलू नको,” मला म्हणाले. “मला न्हाई जमलं तर तू जा. पूजा तिच्या अंगणात कर.”

मी हो म्हटलं.

भादव्यात हे गेले. गळ्यातलं लिंग हातावर ठेवून, बसवून माती दिली, आमच्यात देतात तशी. त्या साली परतीचा पाऊसही नीट झाला नाही.

कार्तिकात मी सायकल बाहेर काढली तेव्हा दीर, गुरुपादप्पा, दारात येऊन उभे राहिले. वर्ष सरलं नाही, लोक नावं ठेवतील, जायचंच तर एसटीनं जा, मी तिकीट काढून देतो, असं पुष्कळ बोलले. वाईट मनानं नव्हे. मग थांबून म्हणाले, “वैनी, जाताल बी एखाद्या वक्ताला. पर यायचं कसं ठरीवलंय?”

मी सायकल भिंतीला टेकवली. इतक्या साऱ्या संध्याकाळी वाकळीवर बसून आम्ही फक्त जायची वाट आखली होती. परतीची त्यांनी कधी काढली नाही, मीही विचारली नाही.

“ते न्हाई ठरलं, भावजी,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता आंघोळ केली, विभूती लावली. पूजा मात्र केली नाही. ती घाटावर करायची होती. घशाला कोरड होती. पितळेचा मोठा तांब्या काठोकाठ भरला, त्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलं. पाहुण्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये. वाकळीची घडी करून कॅरिअरवर ठेवली आणि तिच्या खोबणीत तांब्या बसवला.

बाहेर गुरुपादप्पा पंप घेऊन ओणवे झाले होते. दोन्ही चाकांत हवा भरली, अंगठ्यानं दाबून बघितली. मी सायकल धरली तशी त्यांनी सवयीनं मागून कॅरिअरला हात लावला.

“सोडा, भावजी,” मी म्हणाले.

त्यांनी हात काढला. मागं तांब्यातलं पाणी जरासं हिंदकळलं. मी पुढं बघितलं आणि पायडलवर पाय ठेवला.